रूट कॅनलनंतर कॅप लांबवताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी आईच्या दाढेचं रूट कॅनल झालं. ठणका गेला, तशी दाढेवर बसवायची कॅपही मागे पडली. "आता कुठे दुखतंय? दिवाळी होऊ दे." दिवाळीत नौपाड्याच्या घरी चकली मोडली आणि दाढेचा कोपराच तिच्या हातात आला. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, दुखत नव्हतं म्हणून थांबलात ना?" चीर हिरडीखाली खोल गेली नव्हती, म्हणून दाढ वाचली.

खरी गोम इथेच आहे. नस काढली की दुखणं जातं, पण दाढ तेव्हाच सगळ्यात कमजोर असते. मधला भाग आधी किडीने खाल्लेला, उरलेला आत जायला कोरलेला. राहतात त्या नुसत्या भिंती, आणि चावताना त्या बाहेर फाकतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून ठेवते, तसं कॅप त्यांना धरून ठेवते. पुढच्या दाताची झीज कमी असेल तर कधी कधी फिलिंगवर भागतं. दाढेला मात्र बहुतेक वेळा कॅप लागतेच. तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळेबरोबर जंतू आत शिरतात आणि रूट कॅनल पुन्हा करायची वेळ येते.

पुष्कळ जण पैशांपायी थांबतात. सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. अगदी मागच्या दाढेला दिसण्यासाठी जास्त पैसे घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तिथे साधी धातूची कॅपही चालते, दाढही कमी घासावी लागते.

कॅप बसवताना ती उंच तर होत नाही ना, हे बघायला निळा कागद चावायला देतात, तेव्हा घाई करू नका. तोंड बधिर असेल तर उंची नीट कळत नाही. आपण "ठीक आहे" म्हणून निघतो आणि रात्री पोळी चावतानाही कळ येते. नस काढली, मग दुखतं कसं? मुळाभोवतीचं आवरण जिवंत असतं, त्यावर दाब येतो. "सवय होईल" म्हणत बसू नका. उंच भाग घासायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

कॅप निघाली तर फेविक्विक लावू नका (लावणारे आहेत!). डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत घेऊन जा. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, गिळली जाऊ शकते.

कॅप किडत नाही, पण हिरडीलगत तिच्या कडेखालचा दात किडतो. नस नसल्यामुळे तो आधी दुखतही नाही. आई आता रात्री तिथून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, ओढते. दोरा दर वेळी त्याच जागी पिंजायला लागला, तर कडेला फट असू शकते. दुखायची वाट न बघता दाखवून यायचं.