कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की चित्राच्या कडा कापल्या जातात, त्या अशा परत आणा

जोडणी अगदी सोपी. एचडीएमआय केबलचं एक टोक ग्राफिक्स कार्डात (पडद्यावरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड), दुसरं टीव्हीत, आणि रिमोटवरून तोच एचडीएमआय नंबर निवडायचा. फक्त पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची जागा, बघून लावा. सीपीयूच्या मागे यूएसबीच्या शेजारी असतो तो मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा. कार्डाचा त्याच्या खाली, आडव्या पट्टीवर. केबल मदरबोर्डला लावून "कार्ड चालत नाही" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

आणि केबल लावताना दोन्हींचे प्लग बोर्डातून काढून ठेवा. आमच्या दिग्रसकडच्या खेड्यांत बोर्डाला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याला अर्थिंगची वायरच नसते. अशा घरात सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. टीव्हीला डिशची वायर असेल तर तीही काढा. चालू लाइनीत केबल खुपसून पोर्ट जळालेले टीव्ही मी पाहिले आहेत. अर्थिंग करून घ्या.

आता खरी अडचण. चित्र येतं, पण खालचा टास्कबार अर्धा गायब आणि खिडकी बंद करायची फुली पडद्याबाहेर. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. आजच्या सपाट टीव्हीला त्याची काही गरज नाही, तरी कितीतरी टीव्ही अजून तेच करतात.

यावर जो तो एकच सल्ला देतो: कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान करा. हे करू नका. मी स्वतः काकांच्या घरी ३२ इंची टीव्हीवर तेच केलं होतं. टास्कबार दिसला, मी खूश. मग काकांनी सातबारा उघडायला सांगितला, तर गट नंबरात १ आहे की ९, तेच कळेना. अक्षरांना लव फुटल्यासारखी दिसत होती. दोन संध्याकाळी मी केबलला दोष देत बसलो. कारण साधं होतं: कार्ड चित्र आवळत होतं आणि टीव्ही तेच पुन्हा ताणत होता. दोनदा ओढाताण झालेलं अक्षर स्वच्छ दिसणार कसं?

इलाज टीव्हीच्या रिमोटमध्येच आहे. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो उघडा. एलजीत "जस्ट स्कॅन", सॅमसंगमध्ये "स्क्रीन फिट" किंवा "फिट टू स्क्रीन", सोनीत "फुल पिक्सेल", इतर कंपन्यांत "डॉट बाय डॉट" किंवा "१:१" असं काहीतरी सापडेल. "१६:९" वर समाधान मानू नका, त्यात कडा कापलेल्याच राहू शकतात. असं काहीच नसेल तर त्या एचडीएमआयचं नाव बदलून "पीसी" करा; बऱ्याच टीव्हींत तेवढ्यानंच काम होतं. चित्र लहान करायचा कार्डाच्या सेटिंगमधला स्लायडर सगळ्यात शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही तर.

टीव्हीच्या खोक्यावर "एचडी रेडी" लिहिलं असेल तर पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा (पिक्सेलचा) असतो, फुल एचडीचा नाही. कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशनच्या यादीत १३६० बाय ७६८ दिसलं तर तेच घ्या. नसेल तर १२८० बाय ७२० लावून बघा. लग्नाचं शूटिंग, क्रिकेट झकास दिसेल. दिवसभर एक्सेल करायला हा पडदा घेऊ नका, डोळे जातील.

काळा रंग राखाडी दिसला तर कार्डाच्या सेटिंगमधली "आउटपुट डायनॅमिक रेंज" फुल आणि लिमिटेडमध्ये बदलून बघा. आवाज सीपीयूच्याच स्पीकरमधून आला तर घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडा.

बऱ्याच टीव्हींत कडांचं सेटिंग त्या एकाच पोर्टापुरतं राहतं. घरच्या पोरांनी डिशसाठी केबल हलवली की टास्कबार पुन्हा गायब. म्हणून मी त्या पोर्टाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतो.