दुकानात फुकट वायफाय देताय? या चुका टाळा

सोलापुरात नवी पेठेत किंवा सात रस्त्याला ‘फ्री वायफाय’चा बोर्ड लावणाऱ्यांची पहिली चूक हिशेबातच असते. ते फक्त लाइनचं बिल धरतात. समजा प्लॅन 800 रुपयांचा. 18 टक्के जीएसटी धरून 944. राउटर, ॲक्सेस पॉइंट, यूपीएसचे 12,000 तीन वर्षांवर वाटले की महिन्याला 333. 25 वॅट चोवीस तास म्हणजे 18 युनिट. 12 रुपयांच्या दराने 216. दुरुस्तीला 300 ठेवा. झाले जवळपास 1,800.

चहाच्या कपामागे 8 रुपये सुटत असतील, तर महिन्याला 225 कप जादा खपायला हवेत. रोजच येणारं गिऱ्हाईक वायफाय वापरू लागलं, तर त्यात तुमचा छदामही सुटत नाही. तेच सहा ते नऊच्या गर्दीत एका चहावर टेबल अडवून बसलं, तर उलट तोटा. म्हणून बोर्ड लावण्याआधी महिनाभर तासावार गल्ला वहीत लिहावा. जानेवारीत घाईने सुरुवात करणाऱ्याला धंदा वायफायने वाढला की सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीने, हे कधीच कळत नाही.

‘जाहिरातीतून पैसे निघतील’ ही दुसरी समजूत. गूगलने रेलटेलसोबत 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात करून चारशेहून जास्त स्थानकांवर मोफत वायफाय दिलं. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं कारण देत 2020 मध्ये कंपनीने योजना आवरती घेतली. रेलटेलने सेवा चालू ठेवली, पण रोजची पहिली 30 मिनिटं फुकट, पुढे पैसे. एका दुकानाच्या लॉगिन पानावर जाहिरात देणार तरी कोण?

घरगुती प्लॅनचा पासवर्ड भिंतीवर चिकटवणं हा तर सरळ धोका. कुणी काय केलं याची नोंद राहत नाही आणि चौकशी आली की कनेक्शन तुमच्या नावावर. त्यापेक्षा पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत पीडीओ, म्हणजे वायफाय देणारे दुकानदार, व्हा. परवाना लागत नाही, शुल्क नाही; ओटीपीने ओळख पटवण्याचं काम योजनेचं ॲप देणाऱ्या कंपनीकडे असतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या जून 2025 च्या आदेशाने 200 एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला पीडीओकडून किरकोळ दराच्या दुपटीपर्यंतच घेता येतं. हिशेबात मात्र दुप्पटच धरा: लाइनचे आणखी 944 रुपये, म्हणजे आणखी 118 कप.

प्रत्येकाला 3 एमबीपीएसची मर्यादा घाला, नाहीतर एकाचं फोन अपडेट सगळ्यांना अडवतं.

राउटर पत्र्याला चिकटवून किंवा बंद पेटीत ठेवू नका. साधे राउटर बहुधा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापूरचा मे त्यापुढे जातो. पत्र्यापासून दोन फूट खाली, मोकळ्या भिंतीवर लावा.