३१ डिसेंबरची स्पार्कलिंग वाइन: आधी ताट ठरवा, मग बाटली

दिंडोरी तालुक्यात आमची खायच्या द्राक्षांची बाग आहे. मी स्वतः सहा वर्षं नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखायला देत होते. तिथून घरी आणलेली पहिली स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, मी ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता, केक कापल्यावर उघडली. ती ब्रूट, म्हणजे अगदी कमी साखरेची होती. अण्णांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "अगं, ही किती आंबट!" तोंडात केकचा गोडवा असताना ब्रूट आंबटच लागणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. थोड्या वेळाने तीच वाइन गरम कोथिंबीर वडीबरोबर दिली, तर त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

तेव्हापासून कुणी कोणती बाटली घेऊ असं विचारलं की मी आधी विचारते, सोबत खायला काय आहे? वडी, भजी, सुरमईचे तळलेले तुकडे, खारे काजू असं काही असेल तर डोळे झाकून ब्रूट घ्या. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. तो आंबटपणा टिकावा म्हणूनच या वाइनसाठी द्राक्षं साखर पूर्ण भरायच्या आत खुडतात. अण्णा अशा मालाला अजूनही कच्चा म्हणतात, पण वडीची चव खुलते ती त्या कच्चेपणामुळेच.

केक किंवा गुलाबजाम असेल तर बाटलीवर 'डेमी-सेक' शोधा. युरोपातल्या नियमांप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर असते, डेमी-सेकमध्ये ३२ ते ५० ग्रॅम. सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'एक्स्ट्रा ड्राय'ला. नाव कोरडं वाटतं, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा जास्त साखर असते. झणझणीत मटण असेल तर मी तीच घेते. तिखटावर थोडी गोडी बरी वाटते.

मग लेबलवर 'ट्रॅडिशनल मेथड' आहे का ते बघा. याचा अर्थ वाइन त्याच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवली आहे आणि फेस तिथेच तयार झाला आहे. बुडबुडे बारीक असतात, आणि बरेच महिने यीस्टच्या गाळावर राहिल्यामुळे भाजलेल्या पावासारखा वास येतो. सुला ब्रूट आणि दिंडोरीची शाँदों ब्रूट या अशाच बनतात. इटलीच्या प्रोसेकोची दुसरी आंबवण सहसा मोठ्या टाकीत होते. ती हलकी, फळांच्या वासाची असते आणि नुसती प्यायलाही छान लागते. शँपेन मात्र फक्त फ्रान्सच्या शँपेन प्रांतातलीच. आयात शुल्कामुळे ती इथे फार महाग पडते. घरच्या पंधरा माणसांसाठी मी एका शँपेनऐवजी नाशिकच्या तीन बाटल्या घेईन.

हिशेब सोपा आहे: ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा पेले होतात. दुकानात उन्हात किंवा दिव्याखाली मांडलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. मागच्या लेबलवरची तारीख वाचा. साधी स्पार्कलिंग वर्षानुवर्षं ठेवून सुधारत नाही.

आता गार करणं. ती फ्रीजमध्ये तीन-चार तास आडवी-उभी कशीही ठेवा. पाहुणे दारात उभे असतील तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास. फ्रीझरमध्ये कधीच विसरू नका. माझ्या चुलत भावाकडे बाटली फुटून काचा आईस्क्रीमच्या डब्यापर्यंत गेल्या होत्या. पेले साबणाचा अंश न राहील असे धुवा, नाहीतर फेस टिकत नाही.

उघडताना आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणून तार सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट धरून ठेवायचं आणि फिरवायची बाटली. मोठा आवाज झाला की वाइन जमिनीवर सांडते. हलकंसं 'फुस्स' झालं की बरोबर उघडली.