जुन्या फोर बाय फोरची रास्त किंमत कशी ठरवावी

दहा-बारा वर्षे जुन्या साध्या कारची किंमत काढताना वर्ष, किलोमीटर आणि मालकांची संख्या एवढ्या तीन गोष्टींवर बहुतेक काम भागते. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी (थार, जिप्सी, गुरखा किंवा फोर बाय फोर बोलेरो) घेताना मात्र हाच हिशेब फसतो, कारण या गाड्या संख्येने कमी असतात, हौसेने विकत घेतल्या जातात आणि त्यांचे खरे झिजणे मीटरवर उमटत नाही. नागपुरात तर एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या सांगितलेल्या किमतींत दीड-दोन लाखांचा फरक सहज दिसतो आणि कधी कधी महाग असलेलीच गाडी अधिक खराब निघते.

माझी पद्धत साधी आहे. त्या मॉडेलच्या धडधाकट गाडीचा आपल्या भागातला भाव आधी शोधायचा, समोरची गाडी त्या अवस्थेला आणण्यासाठी लागणारा खर्च त्यातून वजा करायचा आणि शेवटी कागदपत्रांचा खर्च वजा करायचा. जे उरते ती किंमत. विकणाऱ्याने गाडीवर किती खर्च केला, हा आकडा या हिशेबात कुठेही येत नाही.

धडधाकट गाडीचा भाव शोधताना जाहिरातीतला आकडा हा केवळ मागितलेला आकडा असतो, हे लक्षात ठेवावे. महिनाभर जाहिराती पाहत राहिल्यास कोणती गाडी आठवड्यात विकली गेली आणि कोणती तीनदा भाव उतरवूनही तशीच पडून आहे, हे समजते. त्या दोन आकड्यांच्या मध्ये खरा भाव असतो. फोर बाय फोरची कामे करणाऱ्या दोन-तीन मेकॅनिकना “परवाची ती कितीला गेली?” असे विचारणे याहून उपयोगी ठरते. विम्याच्या कागदावरील आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) येथे आधाराला घेऊ नये. विम्यातील घसाऱ्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंतच चालतो आणि त्यानंतरचा आकडा मालक व विमा कंपनी आपसांत ठरवतात.

यानंतर गाडीने आयुष्य कुठे काढले, हे पाहावे. नागपूरच्या बाजारात येणाऱ्या गाड्यांत मला साधारण तीन प्रकारची आयुष्ये दिसतात. पहिली शहरातील हौशी मालकाची गाडी, जी रविवारी रामटेककडे किंवा झिल्पी तलावापर्यंत जाऊन परत येते. दुसरी खाणीच्या किंवा बांधकामाच्या कंत्राटावर राबलेली. उमरेड-सावनेर पट्ट्यातील धूळ तिच्या दारांच्या रबरात आणि सीटखालच्या फटींत वर्षानुवर्षे टिकून राहते. तिसरी पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात सफारीला चाललेली जिप्सी. या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. सफारीची गाडी दिवसाला फार किलोमीटर चालत नाही, पण तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सहा-सात माणसे घेऊन, धुळीत आणि अर्ध्या क्लचवर चालते. त्यामुळे मीटरवर साठ हजार दिसले, तरी क्लचप्लेट, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बुश आणि एअर फिल्टरमागचे इंजिन यांची झीज त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. मागे चढत्या सीट बसवण्यासाठी बॉडी कापलेली असेल, तर ती पूर्ववत करण्याचा खर्चही धरावा लागतो. शिवाय पिवळ्या पाटीवरून, म्हणजे व्यावसायिक नोंदणीतून, खाजगी नोंदणीत येणे हे आरटीओचे वेगळे काम आहे.

कोरड्या हवेमुळे नागपूरच्या गाड्यांना कोकणातल्यासारखा गंज चढत नाही, हा येथील खरेदीदाराचा मोठा फायदा आहे. म्हणूनच एमएच ३१, ४० किंवा ४९ ची पाटी असलेल्या गाडीचा तळ गंजलेला असेल, तर तिने मधली काही वर्षे कुठे काढली, हे विचारावे. उलट मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रबरी होस, वायरिंग आणि रेडिएटर लवकर थकतात. त्यामुळे गाडी शक्यतो दुपारी पाहावी, वीस मिनिटे एसी लावून उभी ठेवावी आणि तापमानाचा काटा पाहत बसावे. काळ्या मातीचा थर चेसिसवर सुकलेला असेल, तर तो खरवडून खालचे वेल्डिंग पाहावे. लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या चेसिसवर), विशेषतः स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ, कारखान्याबाहेरचे वेल्डिंग दिसले, तर मी किंमत कमी करत बसत नाही. गाडी सोडून देतो.

या गाड्यांची सर्वांत महाग दुरुस्ती बहुतेक वेळा फोर बाय फोरच्या यंत्रणेत असते आणि तपासणी मात्र तिचीच सर्वांत कमी होते. आधी गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का, तेच पाहावे. २०१० साली आलेली पहिली थार डीआय टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळत असे आणि बाहेरून फरक चटकन कळत नाही. खाली वाकून पुढच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा आणि त्याकडे येणारा शाफ्ट पाहिला की शंका मिटते. या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलांमधला डिफरन्शियल नसतो, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळल्यास पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतील फरक कुठेच सुटत नाही आणि सगळी यंत्रणा आवळून जाते. तपासणी मोकळ्या मुरमावर किंवा मातीवरच करावी.

माझी पहिली जीप मी वाडीजवळच्या एका गल्लीत पाहिली होती. मालकाने लिव्हर खटकन ओढून दाखवला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि “भाऊ, फोर बाय फोर एकदम ओके आहे” एवढ्यावर माझे समाधान झाले. पहिल्याच पावसाळ्यात शेताच्या बांधावर मागची चाके चिखल उडवत राहिली आणि पुढची दोन्ही शांत उभी होती. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढचे हब (चाकाला एक्सलशी जोडणारे भाग) उघडून झाले तेव्हा गाडीच्या किमतीचा आठवा हिस्सा खर्च झाला होता. लिव्हर पडणे आणि दिवा लागणे म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोहोचणे नव्हे. तेव्हापासून मी मित्राला बाहेर उभे करतो, मुरमाच्या चढावर लो रेंज (जास्त ओढीचा मंद गिअर) लावून हळू गाडी काढतो आणि पुढची चाकेही माती मागे फेकतात का, ते त्याला पाहायला सांगतो. नंतर लिव्हर परत टू-व्हीलमध्ये सहज येतो का, हेही पाहावे. हब हाताने लावायचे असतील, तर दोन्ही बाजूंचे फिरवून पाहावेत. वर्षानुवर्षे न फिरवलेला हब जाम झालेला असतो.

टायरच्या बाजूवरील चार आकडे पाहावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक असली, तरी उन्हात राहिलेला सहा-सात वर्षांचा टायर मी शून्य किमतीचा धरतो. विंच (अडकलेली गाडी ओढणारे यंत्र), लोखंडी बंपर, लिफ्ट किट आणि दिव्यांची रांग यांसाठी मी किंमत वाढवत नाही. मोठे टायर आणि उंच केलेली गाडी असेल, तर स्टिअरिंगचे जोड आणि व्हील बेअरिंग अधिक काळजीने पाहतो.

कागदांमुळेही भाव बराच हलतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याचे शुल्क पाच हजार रुपये झाले (वीस वर्षांवरील गाडीला २०२५ पासून त्याहून अधिक) आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी आणि नुकतीच पासिंग वाढवून घेतलेली सोळा वर्षांची गाडी यांत दुसरी अनेकदा अधिक किमतीची ठरते. दिल्ली परिसरातील जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण एनओसी, येथील मार्ग कर आणि नवी नोंदणी धरली की ती स्वस्ताई बरीच आटते. लष्कराच्या लिलावातील गाडी असेल, तर आरसीवरील उत्पादन वर्ष आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी वाचावी आणि चेसिस क्रमांक पत्र्यावरच्या ठशाशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा आणि थकीत ई-चलन घरबसल्या पाहता येते.

हिशेब कसा बसतो, ते पाहण्यासाठी काही आकडे धरू. समजा, धडधाकट गाडीचा येथील भाव साडेचार लाख आहे. पाच टायर पंचेचाळीस हजार, क्लच अठरा हजार, ट्रान्सफर केसची गळती बारा हजार, पुढच्या एक्सलचे जोड पंधरा हजार, कागद आणि कर वीस हजार, अशी एकूण एक लाख दहा हजारांची वजाबाकी होते. उरतात तीन लाख चाळीस हजार. त्यातून न दिसलेल्या कामासाठी मी आणखी दहा टक्के, म्हणजे चौतीस हजार, बाजूला काढतो आणि तीन लाख सहा हजारांच्या आसपास थांबतो. दहा टक्क्यांचा हा भाग घासाघिशीसाठी असतो; मालकाकडे कामांची बिले असतील आणि तो मेकॅनिकला आडकाठी न करता गाडी उचलून पाहू देत असेल, तर मी त्यातला बराचसा सोडून देतो. मेकॅनिकला नकार मिळाला, तर एक रुपयाही सोडत नाही.

टोकन देताना चिठ्ठीवर चेसिस क्रमांक, ठरलेली रक्कम आणि बोजा उतरवण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आपल्यासमोर व्हाव्यात आणि नाव आरसीवर चढेपर्यंत दहा-वीस हजार हातात राखून ठेवावेत.