रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्यावा की नाही, हे दुकानातच कसं ठरवावं

लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलीटबुक ही मुळात ऑफिसांसाठी बनवलेली लॅपटॉप यंत्रं. कंपन्या ती शेकड्यांनी विकत किंवा भाड्याने घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि मुदत संपली की अख्खा लॉट एकदम बाहेर काढतात. बीकेसी, पवई, ऐरोलीच्या ऑफिसांतून निघालेला असा माल, शिवाय परदेशातून आलेला, साफसूफ होऊन, म्हणजेच ‘रिफर्बिश्ड’ होऊन, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येतो. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की काही मिनिटांत तुम्ही त्या काउंटरसमोर असता. खरेदीला रविवार धरू नका, त्या दिवशी बरीचशी दुकानं बंद असतात.

हा माल घेण्यासारखा असतो असं माझं ठाम मत आहे. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम (कामापुरती मेमरी) बोर्डावरच डकवलेली असते, बॉडी लवचीक प्लास्टिकची असते आणि बिजागरी दोन वर्षांत कुरकुरायला लागते. ऑफिसचं यंत्र दिवसभर बडवायला बनवलेलं असतं. बहुतेक मॉडेलांत तळाचे स्क्रू काढले की रॅम, एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), बॅटरी सगळं हाती लागतं आणि सुटे भागही बाजारात सापडतात. मात्र तपासणीचा क्रम उलटा ठेवायला हवा. गिऱ्हाईक आधी रॅम आणि बॅटरीबद्दल विचारतो, पण या गोष्टी उद्याही बदलता येतात. ज्या बदलता येत नाहीत त्या आधी बघा. त्यातली एक जरी नापास झाली, तरी तिथूनच परत फिरा.

पहिली पायरी : काम ठरवा

अकाउंट्सचं काम, टॅली, एक्सेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन क्लास, कॉलेजचं कोडिंग, व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी असा लॅपटॉप आरामात चालतो. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा गेम हे रोजचं काम असेल, तर साध्या ऑफिस मॉडेलच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा नसतं. आणि रोज विरार किंवा कल्याण लोकलमध्ये तो पाठीवर घेऊन उभं राहायचं असेल, तर १४ इंची, दीड किलोच्या आसपासचं मॉडेल बघा. १५ इंची यंत्र घरी ठेवण्यासाठी ठीक.

दुसरी पायरी : प्रोसेसरची पिढी

इंटेल प्रोसेसरच्या नावात आय५ नंतर येणारा आकडा पिढी सांगतो. ७२०० म्हणजे सातवी, ८२५० किंवा ८३५० म्हणजे आठवी, १०३५ म्हणजे दहावी, ११४५ म्हणजे अकरावी. आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. एक तर विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. शिवाय सातव्या पिढीच्या लॅपटॉपमधल्या आय५-७२००यू मध्ये दोनच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) होते, तर आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार आले. बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या थिंकपॅड टी४७० आणि टी४८० मध्ये हाच मोठा फरक आहे. म्हणून लॅपटॉपवरच्या स्टिकरवर विसंबू नका, सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा.

तुम्ही विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे असाल तर सातव्या पिढीचं यंत्रही चालेल. पण मग भाव त्या मानाने खाली आला पाहिजे.

तिसरी पायरी : कुलूप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कंपनीच्या लॅपटॉपवर दोन प्रकारची कुलपं राहून गेलेली असू शकतात.

पहिलं बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जचं. यंत्र चालू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून आत शिरा. पासवर्ड मागितला, किंवा आत गेल्यावर काहीच बदलता आलं नाही, तर लॅपटॉप ठेवून द्या. ‘बोर्डावरची छोटी बॅटरी काढली की पासवर्ड जातो’ असं कुणी सांगेल, पण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि त्या उपायाने जात नाही. बायोसमध्ये असताना तिथला सीरियल नंबर तळावरच्या नंबरशी जुळतो का तेही पाहा. डेलमध्ये याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की यंत्र कधी विकलं गेलं आणि तेव्हा त्यात काय-काय होतं ते दिसतं. नंबर खरवडलेला असेल किंवा जुळत नसेल तर पुढे बोलणंच नको.

दुसरं कुलूप इंटरनेटवर असतं. जुन्या कंपनीने यंत्र आपल्या यादीतून काढलेलं नसेल, तर विंडोज नव्याने बसवून नेट जोडलं की ‘या कंपनीत स्वागत’ अशा अर्थाचा पडदा येतो आणि ऑफिसचं खातं मागितलं जातं. नेट न जोडता विंडोज बसवलं तर हा पडदा येत नाही, म्हणून दुकानात सगळं सुरळीत दिसतं आणि काही महिन्यांनी तुम्ही स्वतः रीसेट कराल तेव्हा अडकता. यावर उपाय एकच. दुकानदाराला तुमच्यासमोर ‘सगळं काढून टाका’ हा पर्याय निवडून रीसेट करायला सांगा आणि सेटअपमध्ये तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. याला अर्धा-पाऊण तास लागतो. चहा घेऊन या, पण हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वच्छ माल विकणारा दुकानदार याला नाही म्हणत नाही.

तेवढ्यातच सेटिंग्जमधलं विंडोजच्या ‘ॲक्टिव्हेशन’चं पान उघडा. तिथे डिजिटल लायसन्सचा उल्लेख हवा. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ने चालू झाल्याचं लिहिलेलं असेल, तर ते लायसन्स तुमचं नाही.

चौथी पायरी : अंग तपासा

पडदा आधी. एकाच मॉडेलमध्ये कंपन्यांनी साधे आणि चांगले असे दोन्ही पडदे बसवलेले असतात. १३६६ बाय ७६८ चा पडदा आजच्या कामाला अपुरा पडतो, १९२० बाय १०८० आणि बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारा आयपीएस पडदाच घ्या. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून डाग आणि मेलेले पिक्सेल शोधा.

मग कीबोर्ड. नोटपॅड उघडून एकेक बटण दाबा. परदेशातून आलेल्या मालात कधी जर्मन किंवा फ्रेंच मांडणी असते आणि वर इंग्रजी स्टिकर चिकटवलेले असतात. एंटरचं बटण उभं, दोन ओळींत पसरलेलं दिसलं तर मांडणी नीट बघून घ्या. इनस्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्यांना जागा बदललेली बटणं फार नडतात.

झाकण एका हाताने उघडून अर्ध्यावर सोडा, ते तिथेच थांबलं पाहिजे. प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय चालवा. थिंकपॅड टी४८० घेत असाल तर दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्जिंग होतं का ते जरूर पाहा. त्याला चार्जिंगसाठी दुसरं तोंडच नाही, आणि टाइप-सीच्या वेगवान थंडरबोल्ट पोर्टच्या जुन्या फर्मवेअरमुळे (चिपमधल्या प्रोग्रॅममुळे) या पिढीतल्या काही यंत्रांचे पोर्ट बिघडायचे, ज्यासाठी लेनोव्होने पुढे अपडेट काढलं.

आपल्या हवेचा एक मुद्दा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात धातू लवकर गंजतो. तळाचे स्क्रू आणि यूएसबीची तोंडं टॉर्चच्या उजेडात बघा. गंज किंवा हिरवट साका दिसला तर आत पाणी किंवा ओल गेलेली असू शकते. तळाचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं तर चांगला दुकानदार दाखवतो.

पाचवी पायरी : बदलता येणाऱ्या गोष्टी

कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘पॉवरसीएफजी’, मग स्पेस, स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असते. आताची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम. ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच बोला. टचपॅड वर उचललेलं वाटलं तर बॅटरी फुगली आहे, ती बदलून दिल्याशिवाय यंत्र नेऊ नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत आणि ती किती तास चालली ते कळतं. रॅम १६ जीबी करून घ्या. टी४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलीटबुक ८४० जी५ मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये रॅम बोर्डावर डकवलेली असते, तिथे जेवढी आहे तेवढीच.

सहावी पायरी : हिशेब आणि बिल

सांगितलेल्या भावात बॅटरी, रॅम, मोठी एसएसडी लागणार असेल तर त्यांचा आजचा भाव मिळवा. समजा मागणी २०,००० आणि वरचा खर्च ६,०००, तर लॅपटॉप तुम्हाला २६,००० ला पडला. तुमचं तेच काम करणारा नवा लॅपटॉप ४०,००० ला मिळत असेल, तर मी हा घेणार नाही, नव्याची वॉरंटी बरी. एकूण रक्कम नव्याच्या निम्म्यात किंवा त्याखाली बसली तरच सौदा. हा माझा मापदंड आहे, तुमच्या गरजेप्रमाणे थोडा इकडे-तिकडे करा.

बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर सीरियल नंबर लिहिलेला हवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तेव्हा ‘बिलाशिवाय हजार कमी’ ही सवलत कधीच स्वीकारू नका. दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची, त्यात मदरबोर्ड आणि पडदा येतात का, बदलून देण्याची मुदत किती दिवसांची, हे बिलावरच लिहून घ्या.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी बायोस आणि फर्मवेअरची अपडेट टाका. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत एकदा सलग दोन तासांचा व्हिडिओ कॉल चार्जर काढून चालवा आणि एकदा चार्जर लावून. पंखा सतत घोंघावला, यंत्र मधेच बंद पडलं किंवा बॅटरीचा आकडा एकदम कोसळला, तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठा.