भाऊबीजेच्या जेवणाची मधली सजावट: केळीचं सोपट, बाजरीची कणसं आणि कपाशीची बोंडं

भाऊबीजेला माझे भाऊ, वहिन्या, भाचेमंडळी आमच्याकडे चोपड्याला येतात. ओवाळणं संध्याकाळीच होतं, जेवण रात्री. मोठी माणसं टेबलावर, बाकीचे खाली पंगतीत. दोन्हीकडे ताटांच्या मधे काहीतरी देखणं असावं असं मला मनापासून वाटतं. दिवाळीत आपण उंबरा सजवतो, देव्हारा सजवतो, अंगण रांगोळीनं भरून टाकतो. आणि जिथे सगळे तासभर समोरासमोर बसणार, ती जागा मात्र तशीच राहते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या माळा आणायची काही गरज नाही. शरदातल्या या दिवसांत आपल्या खानदेशात शेतातून घरात इतकं काही येत असतं, की विकत घ्यायचं ते फक्त पणत्या आणि झेंडू. मी शंभर रुपयांच्या वर कधी जात नाही.

आधी मापं बघा, सामान नंतर. टेबलाची रुंदी साधारण तीन फूट असते. दोन्ही बाजूंची ताटं दोन फूट खातात. राहिलेल्या फूटभर जागेत शेवभाजीचं पातेलं, भाकरीची दुरडी, पाण्याचा जग हे सगळं यायचं असतं. म्हणून सजावट सहा इंचांपेक्षा रुंद करू नका, आणि सलग तर अजिबात नको. मधे भांडी टेकवायला दोन ठिकाणी मोकळी जागा सोडा. उंचीसाठी टेबलावर कोपर टेकवा आणि मूठ वर करा. मुठीच्या वर काहीही गेलं नाही पाहिजे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसेल तर ती सजावट कितीही सुंदर असो, जेवताना ती आडवीच येते. पंगतीत आपण खाली बसलेलो असतो, तिथे वीतभर उंची पुष्कळ झाली.

पंगतीचं आणखी एक वेगळं आहे. वाढणारी माणसं दोन ओळींच्या मधूनच फिरतात. त्यांच्या पायात पणती आली की संपलंच. म्हणून मी मधल्या वाटेत काही ठेवत नाही. ओळींच्या दोन्ही टोकांना एकेक मांडणी करते आणि ताटांभोवती रांगोळीची साधी महिरप काढते.

आता माझी सगळ्यात आवडती मांडणी, केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडावर एकावर एक गुंडाळलेल्या जाड सालींची. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या शेतात केळीची कापणी चाललेलीच असते. केळीला घड एकदाच येतो. तो कापला की खोड शेतात उरतं, आणि मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. एक खोड दोन टेबलांना पुरतं. बाहेरची एक-दोन सोपटं फाटकी, वाळकी असतात, ती काढून टाका. त्याच्या आतली पांढरट हिरवी, तुकतुकीत सोपटं अलगद सोलून घ्या. सोपट तोडून त्याची कड बघा: मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतील. त्या कप्प्यांमुळेच ते हलकं असतं आणि बराच वेळ ओलं, गार राहतं. पणतीखाली ठेवायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्मात निघत नाही. जुनं लुगडं किंवा पोतं अंथरूनच कापायला बसा, आणि टेबलावर मांडताना सोपटाखाली केळीचं पान घाला, चादरीवर थेट ठेवू नका. कापलेली कड थोड्या वेळात काळी पडते. केळफूल चिरल्यावर आपण ताकाच्या पाण्यात टाकतो ना, तसंच इथेही करायचं. ताक नसेल तर लिंबू पिळलेलं पाणी चालतं. तुकडे त्यात बुडवून ठेवा आणि मांडायच्या वेळी पुसून घ्या.

दीड हात लांबीचा तुकडा पुरे. त्याची खोलगट बाजू वर करा. खालची बाजू गोल असल्यामुळे तो डुलतो, म्हणून दोन्ही अंगांना खोडाच्याच चिपा सरकवा. टोकांना सोपटाचा लहान तुकडा आडवा लावून खराट्याच्या काडीनं टाचा, म्हणजे पन्हळ दोन्हीकडून बंद होते. आत दोन बोटं ओली वाळू भरा. वाळूत वीत-वीत अंतरावर पणत्या दाबून बसवा आणि मधल्या जागेत देठ खुडलेली झेंडूची फुलं अगदी खेटून लावा. केशरी आणि पिवळी एकाआड एक लावण्यापेक्षा एका टोकाला गर्द केशरी, मग हळूहळू पिवळी अशी लावून पाहा, फार सुरेख दिसतं. ज्योतीपासून फुलं दोन बोटं लांब असू द्या. पणतीत तेल अर्ध्याहून थोडं वर, काठोकाठ नको.

झेंडू लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घेऊ नका, तेव्हा भाव चढलेला असतो. पूजेची गर्दी ओसरली की तोच झेंडू स्वस्तात मिळतो.

आपल्याकडे पंखा बंद करून जेवणं शक्य नसतं, आणि पंख्याखाली पणती टिकत नाही. त्यासाठी रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तळाला दोन बोटं वाळू घाला आणि बरोबर मधोमध पणती ठेवा. ज्योत काचेला लागता कामा नये, काच तडकते. अरुंद तोंडाची बाटली मात्र नको, तिच्यात ज्योत गुदमरते.

दुसरी मांडणी पितळी तांब्याची. बाजरी निघालेलीच असते. दाणे गच्च भरलेली, हातभर दांड्याची कणसं निवडा, सुतळीनं जुडी बांधा आणि उलटी टांगून आठवडाभर सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर दांडे ठिसूळ होतात. चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या तांब्यात अशी सात-आठ कणसं आणि त्यांच्या मधे फुटलेल्या कपाशीच्या बोंडांच्या दोन-तीन काड्या घाला. दांडे कापून उंची मुठीखाली आणायला विसरू नका. पांढरा कापूस, राखाडी कणीस आणि पिवळं पितळ: एवढ्यावर थांबा. यात फूल घालायचा मोह आवरा, सगळी शोभा जाते.

कपाशीची काडी पहिल्या वेचणीच्या वेळी मागून ठेवावी. बोंड चारी पाकळ्यांनी पूर्ण उमललेलं हवं. ज्यावर बारीक भोक आहे किंवा ज्याचा कापूस पिवळट, चिकटलेला आहे, ते घेऊ नका, ते गुलाबी बोंडअळीचं असतं. घरात आणण्याआधी काडी जोरात झटका, लाल ढेकूण लपलेले असतात. आणि दोन गोष्टींत हयगय नको. कपाशीवर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा ती तांब्यातच राहू द्या, ताटाला किंवा अन्नाला लागू देऊ नका, आणि मांडून झाल्यावर हात साबणानं धुवा. दुसरं, कापूस आणि ज्योत एका टेबलावर आणू नका. ठिणगीभर आगीला कापूस पुरतो. आमच्याकडे तांब्या मोठ्यांच्या टेबलावर असतो आणि सोपटाच्या पणत्या पंगतीच्या टोकांना. लहान मुलं पंगतीत बसत असतील तर उलट करा.

वेळ नसेल तर तिसरी मांडणी पाच मिनिटांची. बांबूच्या पसरट टोपलीत एक छोटं गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, भरताची हिरवी, मोठी वांगी, आणि डोळे उघडलेली पण अजून टणक असलेली सीताफळं रचा. पिकलेलं सीताफळ खाली दबून फुटतं, म्हणून टणकच घ्या. खानदेशाच्या भरताच्या वांग्याचा तो तुकतुकीत पोपटी रंग दिव्याच्या उजेडात फार खुलतो; जळगावच्या या वांग्याला आणि केळीलाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, मग त्यांना भाऊबीजेच्या टेबलावर मानाची जागा का देऊ नये?

अगरबत्ती आणि निशिगंध जेवणाच्या जागेपासून लांब ठेवा. त्या वेळी घरात काळ्या मसाल्याचाच वास दरवळला पाहिजे.

कणसं आठवडा आधी, कपाशी चार दिवस आधी, सोपट आणि झेंडू त्याच दिवशी दुपारी, अशी तयारी ठेवली तर संध्याकाळी ओवाळणीच्या घाईत नुसतं मांडायचं राहतं. सकाळी सगळं मोडताना बाजरी गच्चीवर चिमण्यांना टाका, वांगी भाजायला घ्या. गंगाफळ न चिरता कित्येक आठवडे टिकतं, ते कोपऱ्यात राहू द्या. सोपटाचे तुकडे करून खताच्या खड्ड्यात घाला. झेंडूची फुलं कागदावर पसरून सुकवा आणि बी काढून ठेवा. ते पावसाळा लागला की कुंपणाच्या कडेनं टाकलं, तर दसऱ्याला दारच्या तोरणापुरता झेंडू घरचाच होतो.