ई-इंक टॅबलेटवर वाचताना या चुका टाळा

ई-इंक टॅबलेटविषयीच्या बहुतेक तक्रारी मोबाइलच्या पडद्याची सवय त्याला लावू पाहण्यातून निर्माण होतात. या पडद्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात व अक्षर उमटण्यासाठी ते प्रत्यक्ष हलावे लागतात. म्हणूनच स्थिर पानाला वीज जवळजवळ लागत नाही, पण भराभर सरकणारा मजकूर त्याला झेपत नाही.

आधीच्या पानाची पुसट छाया दिसू लागली की पडदा सदोष असल्याचा समज होतो. वास्तविक काही कण जुन्या जागी राहिलेले असतात आणि पूर्ण रिफ्रेश केल्यावर, म्हणजे सगळा पडदा पुसून पान पुन्हा उमटवल्यावर, ती छाया निघून जाते. अँड्रॉइडवरील अनेक टॅबलेटमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी रिफ्रेशची वेगळी पद्धत निवडता येते. वेगवान पद्धतीत करड्या छटा कमी होतात आणि छाया वाढते. ती ब्राउझरपुरती ठेवावी, पुस्तकांना लावू नये. अ‍ॅनिमेशन आणि डार्क मोडही बंद करावेत.

मराठी वाचकाची खरी परीक्षा पीडीएफमध्ये असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक मौलिक ग्रंथ विनामूल्य मिळतात, मात्र मोठ्या आकाराचे पान सहा इंची पडद्यावर उघडले तर अक्षर मुंगीएवढे दिसते. मग वाचक रिफ्लो (मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार पुन्हा मांडणारी सोय) सुरू करतो आणि मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे येतात, कारण जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असू शकतात आणि त्यांत अक्षरांच्या आकृत्यांमागे देवनागरीचे संकेत नसतात. पाने स्कॅन केलेली असतील तर रिफ्लोसाठी मजकूरच उपलब्ध नसतो. अशा वेळी समास कापून, कॉन्ट्रास्ट वाढवून आणि टॅबलेट आडवा धरून अर्धे-अर्धे पान वाचणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ग्रंथातील काही पाने पुन्हापुन्हा लागणार असतील तर ती गूगल डॉक्समध्ये उघडून त्यांचे ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरांचे मजकुरात रूपांतर, करून घ्यावे, परंतु जोडाक्षरे आणि अनुस्वार मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातून उद्धृत करू नये. माझ्या मते संदर्भग्रंथ वाचणाऱ्याने खरेदीपूर्वीच दहा इंची पडद्याचा विचार करावा. लहान टॅबलेट कथा-कादंबऱ्यांच्या ई-पब (अक्षराचा आकार बदलता येणारे ई-पुस्तक) प्रतींसाठी उत्तम आहे.

रोजच्या अ‍ॅपबाबत अपेक्षा आधीच ठरवाव्यात. बहुतेक ई-इंक टॅबलेटमध्ये सिमकार्डाची सोय नसते. यूपीआयची नोंदणी बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस पाठवून होत असल्याने ती मोबाइलवरच ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅप जोडलेले उपकरण म्हणून चालते, परंतु पार्श्वभूमीत सतत जागे राहणारे असे अ‍ॅप आणि वाय-फाय बॅटरी लवकर संपवतात. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर कृष्णधवल मजकूर इंचाला ३०० पिक्सेलचा, तर रंग १५० चा असतो. शिवाय रंगांच्या गाळणीमुळे पान थोडे काळपट दिसते. केवळ मजकूर वाचणाऱ्याने रंगासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

ठाणे-वाशी प्रवासात दिवसा खिडकीशी जागा मिळाली तर फ्रंटलाइट (पडद्यावर पुढून पडणारा टॅबलेटचा प्रकाश) बंद करावा. उन्हात हा पडदा अधिक स्पष्ट दिसतो. गर्दीत मात्र जास्त काळजी हवी. अनेक पडद्यांचा आतला थर पातळ काचेचा असतो आणि बाहेरून ओरखडाही नसताना तो दाबाने तडकू शकतो. त्यामुळे सकाळी ठाणे स्थानकात लोकलमध्ये चढताना टॅबलेट कडक कव्हरमध्ये, पडदा आपल्या अंगाच्या बाजूला येईल असा ठेवावा आणि त्याच कप्प्यात डबा किंवा चार्जर ठेवू नये.